जुन्या क्वालिसला टर्बो: होटगी रस्त्यावरील एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

सोलापुरात जुन्या डिझेल गाडीला टर्बो बसवून देणारे मिस्त्री मोजकेच आहेत आणि त्यांचा बराचसा धंदा टेम्पो व मालवाहू गाड्यांवर चालतो. होटगी रस्त्याच्या बाजूच्या अशाच एका गॅरेजमध्ये मी माझ्या २००३ सालच्या टोयोटा क्वालिसला टर्बोचार्जर, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप, बसवून घेतला. त्यानंतर एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा गाडी रोजच्या वापरात आहे. गॅरेजचे नाव मुद्दामच दिलेले नाही. मला तपासायचे आहे ते काम, आणि त्याला लावलेल्या कसोट्या कोणत्याही गॅरेजला लावता येतील. निर्णय आधीच सांगून टाकतो: काम चांगले, कामामागचा विचार त्याहून चांगला आणि कागदोपत्री व्यवहार मात्र फारच ढिला.

क्वालिसचे २४४६ सीसीचे डिझेल इंजिन टिकाऊपणासाठी जितके नावाजलेले आहे, तितकेच मंदपणासाठीही. टर्बो नसलेल्या या इंजिनाची ताकद ७५ अश्वशक्ती, आणि तिच्यावर भार घरातल्या सगळ्या माणसांचा, सामानाचा आणि एसीचा. २००० साली भारतात आलेल्या या गाडीची जागा २००५ साली इनोव्हाने घेतली, तेव्हा इनोव्हाच्या २४९४ सीसीच्या इंजिनातून १०२ अश्वशक्ती मिळू लागली होती. म्हणजे आकारमान जवळपास तेवढेच, फरक पाडला तो टर्बोने आणि कॉमन रेल इंजेक्शनने, म्हणजे संगणकाच्या ताब्यातल्या जास्त दाबाच्या डिझेल फवारणीने. मग सरळ जुनी इनोव्हाच का घेतली नाही, असे मला अनेकांनी विचारले. क्वालिसचा डिझेल पंप पूर्णपणे यांत्रिक आहे, इंजिन चालवायला संगणक लागत नाही आणि बिघाड झालाच तर मोहोळचा किंवा अक्कलकोटचा मिस्त्रीही तो हातांनी दुरुस्त करू शकतो. मला हा गुण गमवायचा नव्हता. म्हणून गॅरेजपुढे मी एकच अट ठेवली: पिकअप थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण गाडीवर आजवर टाकलेला विश्वास टर्बो बसल्यावरही टाकता आला पाहिजे.

या अटीवर मुख्य मिस्त्रींनी दिलेले उत्तर मला आवडले. ते म्हणाले, “मालक, गाडी पळवायची असंल तर पुण्याला जावा. माझ्याकडनं गेलेली गाडी टोचन करून परत आलेली मला चालत न्हाई.” त्यांनी पैशाचा आकडा सांगण्याआधी गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजले. या इंजिनासाठी ते नवेपणी ३२ आणि कमीत कमी २० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असावे लागते, शिवाय सिलिंडरा-सिलिंडरांत ५ किलोंपेक्षा जास्त फरक चालत नाही. माझ्या गाडीचे चारही आकडे २८ ते ३० च्या दरम्यान आले. त्यानंतर इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढले आणि तिथून हवा किती जोराने बाहेर येते, हे तळहात धरून पाहिले. ही परीक्षा साधी दिसते, पण रिंगा गेलेल्या इंजिनाला टर्बो बसवला की तीच हवा दुप्पट जोराने ऑइल बाहेर फेकते आणि मग दोष टर्बोच्या माथी मारला जातो. टायमिंग बेल्ट, पंख्याचा व्हिस्कस कपलिंग आणि थर्मोस्टॅट या तीन वस्तू आधी बदलायच्या, रेडिएटर खोलून साफ करून घ्यायचा आणि टर्बोचे काम त्यानंतरच हातात घ्यायचे, असे त्यांनी बजावले. यातल्या एकाही कामाचा टर्बोशी थेट संबंध नाही. पण जुन्या गाडीला टर्बो बसवून पस्तावलेल्यांच्या हकिकती ऐकल्या, तर त्यांतल्या बहुतेक या आधीच्या कामांत केलेल्या काटकसरीतून सुरू होतात.

बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जास्तीचा दाब, किती ठेवायचा, यावर आमची बरीच चर्चा झाली आणि माझ्या मते याच ठिकाणी या गॅरेजची पारख होते. कारखाना जेव्हा एखाद्या इंजिनाला टर्बो देतो, तेव्हा तो आतले भागही बदलतो. १९७८ साली मर्सिडीज-बेंझने आपल्या पाच सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाला टर्बो जोडून ३०० एसडी ही गाडी काढली. त्या इंजिनात पिस्टनच्या पोटावर ऑइलचे फवारे मारून ते थंड ठेवण्याची सोय होती आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले होते. कारण टर्बो जोडला की जास्त हवेबरोबर जास्त डिझेल जळते, आणि त्या जास्तीच्या उष्णतेचा मार आधी पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर आणि हेडवर बसतो. गॅरेजमध्ये बाहेरून बसवलेल्या टर्बोला असली साथ मिळत नाही, आतले इंजिन जसेच्या तसेच राहते. क्वालिसचे हेड तर ॲल्युमिनियमचे आहे, आणि या इंजिन-कुळातल्या टर्बो असलेल्या भावंडांची हेडे तडकण्याबद्दल जगभर बदनाम आहेत. म्हणून मिस्त्रींनी चौरस इंचाला सात पौंडांच्या वर, म्हणजे अर्ध्या बारच्या पुढे, बूस्ट नेण्यास साफ नकार दिला. वेस्टगेटच्या, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट वळवून बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या, दांड्याचा नट लावून झाल्यावर त्यांनी त्यावर लाल रंगाची रेघ ओढली आणि पंपाच्या डिझेल स्क्रूला तार घालून शिसे दाबले. यापैकी काहीही हललेले दिसले तर त्यांची जबाबदारी संपली, हे त्यांनी तोंडी पण स्पष्ट सांगितले. माझ्याआधी आलेल्या एका गिऱ्हाइकाला बारा पौंड हवे होते, त्याचे काम मिस्त्रींनी घेतलेच नाही असे समजले.

टर्बो कमी क्षमतेच्या डिझेल इंजिनासाठी बनवलेला, लहान आकाराचा आणि वेस्टगेट असलेला निवडला, आणि तो नवा घेतला. जुन्या बाजारातला टर्बो तिप्पट स्वस्त मिळतो हे खरे, पण मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या दांड्याचे बुश किती झिजले आहेत, हे हाताने हलवून पुरते कळत नाही.

चारही सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तयार मिळत नसल्याने तो बनवावा लागला. जाड भिंतीचे, वाफेच्या पाइपलाइनला वापरतात तसले बेंड घेऊन ते बारा मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर वेल्ड केले. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी वाकते, म्हणून अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत पाठवून तिचे फेसिंग करून, म्हणजे मशीनवर ती सपाट करून घेतली. नाहीतर पॅकिंग कितीही चांगले घातले तरी महिन्याभरात तिथून फुसफुस सुरू होते. टर्बोचे वजन नुसत्या मॅनिफोल्डवर लोंबकळू नये म्हणून इंजिन ब्लॉकपासून एक आधारपट्टी दिली आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात लवचीक जोड घातला. इंजिन रबरावर हलते, पण सायलेन्सर गाडीच्या सांगाड्याला बांधलेला असतो. मधे लवचीक जोड नसेल तर तो ताण मॅनिफोल्डच्या वेल्डवर येतो.

मात्र टर्बो टिकतो तो ऑइलवर, आणि या बाबतीत गॅरेजचे काम खरोखर पाहण्यासारखे होते. टर्बोचा दांडा बुशला टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल काही सेकंद जरी पोहोचले नाही, तरी बुश खरवडतात. ऑइल येण्याची नळी प्रेशर स्विचच्या जागी टी घालून काढली. आडमुठे काम असते ते परतीच्या नळीचे. टर्बोमधून बाहेर पडणारे ऑइल फेसाळलेले असते आणि त्यामागे दाब नसतो. ते केवळ आपल्या वजनाने खाली उतरते. म्हणून ही नळी जाड, सरळ उताराची आणि कुठेही वर न चढणारी असावी लागते, आणि ती इंजिनाखालच्या चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वरच्या बाजूला उघडावी लागते. ती चुकली तर ऑइल टर्बोतच तुंबते, सीलमधून गळते आणि गाडी निळा धूर मारू लागते. गिऱ्हाइकाला मात्र “टर्बो गेला” असे सांगितले जाते. या गॅरेजने ऑइलचे चेंबर खाली उतरवून त्यावर बुशिंग वेल्ड केले, चेंबर आतून दोनदा धुतले आणि नंतर उजेडात धरून वेल्डचा एकही कण आत राहिला नसल्याचे मला दाखवले.

परतीच्या नळीच्या फ्लँजला हाताखालचा पोरगा पॅकिंगबरोबर सिलिकॉन लावू लागला, तेव्हा मिस्त्रींनी कन्नडमध्ये त्याला असे काही सुनावले की शेजारच्या पंक्चरवाल्यानेही मान वर केली. मग मला मराठीत खुलासा केला, की सिलिकॉनचा दाबून आत गेलेला तुकडा सुटला की ऑइलचे भोक बुजवतो आणि तो शोधायला पुन्हा सगळे खोलावे लागते. शेवटी इंजिन सुरू करण्याआधी त्यांनी ऑइलच्या कॅनने टर्बोच्या तोंडातून ऑइल ओतले, दांडा बोटाने फिरवला, परतीची नळी खालून सोडून तिच्याखाली एक जुना ट्रे ठेवला आणि डिझेल पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढून घेतली. डिझेल बंद असल्यामुळे इंजिन पेटत नाही, फक्त फिरते. थांबून थांबून सेल्फ मारल्यावर ट्रेमध्ये ऑइलची धार पडली, तेव्हाच नळी जोडली आणि वायर परत लावली. ही सगळी खबरदारी पंधरा-वीस मिनिटांची. पण बसवल्या-बसवल्या टर्बो खराब होण्याचे मोठे कारण म्हणजे ती न घेणे.

टर्बोच्या नळ्या जोडल्यामुळे इंजिनाच्या पोटातील वाफ बाहेर टाकणारी नळीही हलवावी लागते. इनटेकमध्ये आता दाब असतो, म्हणून ती टर्बोच्या आधी, एअर क्लीनरच्या बाजूला जोडली. ब्रेकचा मात्र प्रश्न आला नाही, कारण क्वालिसमध्ये ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम अल्टरनेटरला जोडलेल्या स्वतंत्र पंपातून मिळतो. मूळ एअर क्लीनरचा डबा तसाच ठेवला. बॉनेटखाली उघडा बसणारा चकचकीत फिल्टर मी सुचवण्याआधीच त्यांनी नाकारला. सोलापूरच्या धुळीत त्याचे जे होते ते त्यांनी बहुधा पाहिलेले असावे.

उष्णतेचे गणित सोलापूरकरांनी जरा लक्ष देऊन वाचावे. हवा दाबली की तापते. मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना आत घेतलेली हवा सात पौंडांपर्यंत दाबली, तर लहान टर्बोतून बाहेर पडताना तिचे तापमान १०० अंशांच्या जवळपास जाते. अशी हवा विरळ असते आणि पिस्टनलाही जाचक. म्हणून ती हवा गार करणारा इंटरकूलर लागतोच. पण तो रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या पुढे आडवा टाकला, तर त्या दोघांची हवा अडते. थंड प्रदेशातल्या गाडीला हे खपेल, पण दुपारी दोन वाजता सात रस्त्याच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला खपणार नाही. या गॅरेजने लहान इंटरकूलर डाव्या बाजूला बंपरच्या आत, कंडेन्सरवर जवळजवळ न येईल असा बसवला आणि त्याला हवा मिळावी म्हणून पत्र्याची नाळ करून दिली. परिणामी एसीच्या गारव्यात मला फरक जाणवला नाही. विजापूर रस्त्यावर भर उन्हात, गाडी भरलेली असताना तापमानाचा काटा नेहमीपेक्षा किंचित वर सरकला आणि तिथेच थांबला.

डिझेलची जुळवणी करायला मिस्त्री स्वतः तुळजापूर रस्त्यावर गाडीत बसले. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये एक्झॉस्टचे तापमान मोजणारा सेन्सर बसवून त्याचे मीटर डॅशबोर्डवर लावले होते. या मीटरचे पैसे वेगळे लागतात आणि बरेच गिऱ्हाईक ते टाळतात, पण माझा आग्रह आहे की मीटरशिवाय हे काम करूच नये. डिझेल इंजिनात जास्तीचे डिझेल म्हणजे जास्तीची उष्णता, आणि ती किती झाली हे चालकाला काहीतरी जळल्यावरच कळते. आधी पंपाला हातही न लावता एक फेरी मारली. नुसत्या जास्तीच्या हवेने काळा धूर गेला आणि ओढ सुधारली. मग डिझेल स्क्रू थोडा-थोडा फिरवत, दर वेळी तामलवाडीच्या पुढे चढाला पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन मीटर पाहिले. ७०० अंश ही त्यांनी लक्ष्मणरेषा ठरवली होती. चढावर आकडा ६४० च्या आसपास स्थिर झाला, तिथेच काम थांबवले. आणखी अर्धा फेरा फिरवला असता तर गाडी अजून खेचली असती, हे मला सीटवर बसून जाणवत होते, आणि त्यांनी तो फिरवला नाही याचेच मला बरे वाटले.

आता गाडी कशी चालते? तुळजापूरचा घाट पूर्वी एसी बंद करून दुसऱ्या गियरमध्ये चढावा लागे, तो आता एसी चालू ठेवून तिसऱ्यात चढते. पुणे महामार्गावर मालट्रकला ओलांडताना पूर्वी जो लांबलचक हिशेब करावा लागायचा, तो निम्म्यावर आला आहे. इंजिनाच्या मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या खाली गाडी पूर्वीसारखीच सुस्त आहे, आणि तिथे वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला तर मीटरचा काटा झपाट्याने वर जातो. म्हणून गियर खाली टाकायची सवय लावून घ्यावी लागते. डिझेलचा खर्च शांतपणे चालवल्यास पूर्वीइतकाच येतो. टर्बोमुळे ॲव्हरेज वाढते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, कारण हाती आलेला पिकअप पाय वापरतोच. पीयूसीच्या धूर-चाचणीत या वयाच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांची (धुराच्या दाटपणाचे माप) मर्यादा आहे. माझी गाडी पूर्वी तिच्याजवळ घुटमळत असे, ती आता बरीच खाली आली आहे. क्लच प्लेट मात्र दोन महिन्यांत घसरू लागली आणि बदलावी लागली. याची कल्पना गॅरेजने आधीच दिली होती, त्यामुळे तक्रार नाही.

तक्रारी आहेत त्या वेगळ्या. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या एका जोडाला त्यांनी सुरुवातीला साधा रेडिएटरचा होज पाइप लावला होता. तो पाण्यासाठी असतो, ऑइलची वाफ आणि उष्णता त्याला सोसत नाही, आणि काही आठवड्यांतच तो फुगून मऊ झाला. त्यांनी तो बदलून सिलिकॉनचा अनेक पदरी पाइप पैसे न घेता लावला हे खरे, पण इतक्या बारकाईने काम करणाऱ्या माणसाने हे पहिल्याच वेळी करायला हवे होते. टर्बोच्या जवळून जाणाऱ्या वायरिंगला उष्णता अडवणारा पत्राही मी मागितल्यावर बसला. आठ दिवसांत मिळणारी गाडी तीन आठवड्यांनी मिळाली आणि त्या काळात फोन उचलला जाईलच याची खात्री नसे. बिल तर एका ओळीचे होते: “टर्बो काम, पूर्ण.” सुट्या भागांची यादी, टर्बोचा क्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्यायला मला पुन्हा जावे लागले.

सर्वांत गंभीर आक्षेप कायद्याबाबत आहे. आरसीवरचे सीसी, इंधन आणि इंजिन क्रमांक बदलत नाहीत, तेव्हा “काही लागत न्हाई” असे गॅरेजमध्ये सांगितले जाते. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वाहन वेगळे होईल अशा बदलाला आडकाठी घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते, तेव्हा बॉनेटखालचा टर्बो लपणार नाही. अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलाचे निमित्त करून विमा कंपनी दावा नाकारू शकते, हे तर उघडच आहे. मी काम सुरू होण्याआधी आरटीओकडे लेखी विचारणा केली आणि विमा कंपनीला लेखी कळवले. कंपनीने बदलाची नोंद करून हप्ता थोडा वाढवला. गिऱ्हाइकाला हे सांगणे गॅरेजचे काम नाही असे म्हणता येईल, पण बारा पौंडांना नकार देणाऱ्या मिस्त्रीकडून माझी तेवढी अपेक्षा होती.

खर्चाचा आकडा सगळे धरून सव्वा लाखाच्या घरात गेला. त्यात टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर, नळ्या, मीटर आणि मजुरी तर आलीच, शिवाय बेल्ट, रेडिएटर आणि क्लच ही वर सांगितलेली आधीची-नंतरची कामेही आली. जी गाडी आज बाजारात विकली तर कदाचित याच्या दुप्पटच मिळतील, तिच्यावर एवढा खर्च करणे हिशेबात बसत नाही. ज्यांना गाडी अजून आठ-दहा वर्षे ठेवायची आहे, ज्यांच्या गाडीचे इंजिन मुळात निरोगी आहे आणि जे दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलतील, त्यांनीच या वाटेला जावे. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता दीड-दोन मिनिटे आयडलवर ठेवण्याचा धीरही हवा, कारण तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल जळून त्याचा कोळसा बुशवर बसतो. घरात गाडी चालवणारे तीन जण असतील आणि त्यांपैकी एकाचा जरी पाय जड असेल, तर मी हा सल्ला देणार नाही.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर गाडी परत दाखवायला सांगितले जाते आणि ती फेरी चुकवू नये. मॅनिफोल्डचे नट गरम-गार होऊन सैल होतात, ते तेव्हा पुन्हा आवळले जातात आणि ऑइल व फिल्टर बदलले जातात. गॅरेज याचे फक्त सामानाचे पैसे घेते. सकाळी इंजिन थंड असतानाच जावे, कारण तापलेल्या मॅनिफोल्डवर ते पान्हा लावत नाहीत. आणि अमावास्येला गॅरेज बंद असते.